हापूसच्या संकेतस्थळावर काय लिहावे?

कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभल्याने छोट्या बागायतदाराच्या संकेतस्थळावर ‘अस्सल’ या झिजलेल्या विशेषणापेक्षा गावाचे नाव आणि मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून मिळालेला नोंदणी क्रमांक अधिक बोलका ठरतो. डझनाचा भाव, फळाचे वजन, आंबा तयार आहे की घरी पिकवायचा आहे आणि पेटीत डागी फळ निघाल्यास भरपाई कशी मिळेल, हे आरंभीच दिसावे. बागेची पिढीजात कहाणी (ती बहुधा सर्वत्र सारखीच असते) खाली गेली तरी चालते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील देणे तर बंधनकारकच आहे.