चिरोट्याची धाकटी बहीण : घरची गोड, पापुद्र्यांची बिस्किटे

डिसेंबर संपत आला की आमच्या शाळेतल्या मुलांच्या आया एकमेकींना हमखास विचारतात, “दोन तारखेला शिदोरीला काय देणार हो?”

दोन तारीख म्हणजे २ जानेवारी. १९४३ साली याच दिवशी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कोतवाल हे माथेरानचे वकील. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने वीज वाहून नेणारे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले होते. दरवर्षी त्या दिवशी मुरबाड-कर्जतकडची माणसे सिद्धगडावरच्या स्मारकापाशी जातात. मुलांनाही अंधारातच निघावे लागते. पोळीभाजीचा डबा करायचा तर आईने किती वाजता उठायचे? मग जाता जाता बिस्किटांचे पुडे पिशवीत टाकले जातात.

मीही टाकत होते. पण एका वर्षी परतताना आम्ही मुलांकडून वाटेवरची वेष्टने वेचून घेतली, तर मोठी पिशवी भरून कमी पडली. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो. हे शेकरूचे रान. वर्गात शेकरू हा आपला राज्यप्राणी म्हणून शिकवायचे आणि त्याच्या घरात जाऊन चकचकीत कागद टाकून यायचे, हे काही मनाला पटेना. तेव्हाच ठरवले की पुढच्या वर्षी बिस्किटे घरची, आणि तीही डब्यातून.

पहिला प्रयोग फसला

नानकटाई आपल्यापैकी बहुतेकींना येते. दिवाळीत पिठाचे गोळे पत्र्यावर मांडून कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला नेण्याची पद्धत कित्येकींनी माहेरी पाहिली असेल. पुण्याला गेलेले कोणी कयानी बेकरीची श्रुजबेरी आणते, तिची चवही ओळखीची. १९५५ सालापासून कॅम्पातली ही बेकरी त्या बिस्किटांसाठी नावाजलेली आहे. पण ही दोन्ही बिस्किटे भुसभुशीत. डब्यात हिंदकळली की अर्धा चुरा. मला हवी होती खारीसारखी पापुद्र्यांची, पण गोड.

मैद्यात तूप घातले, घड्या घातल्या, ओव्हन लावला आणि लगेच ताट आत ठेवले. दहा मिनिटांनी पाहते तो काय, बिस्किटे तुपाच्या तळ्यात बसलेली! पापुद्रा एकही नाही. वर मुलगा म्हणाला, “आई, शंकरपाळे केलेस का?”

सासूबाईंनी एक तुकडा तोडून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, “अगं, चिरोटा कधी गार तेलात सोडतेस का? तो तेल पितो आणि बसतो. मग हे कसं फुलेल?”

मी बघतच राहिले. त्यांनी आयुष्यात ओव्हनला हात लावलेला नाही, पण चूक बरोबर पकडली. आणि मग लक्षात आले, साटा लावून चिरोटे करणाऱ्या बाईला या बिस्किटात नवीन असे काहीच नाही. फरक एवढाच की चिरोटा तळायचा आणि हे भाजायचे.

पापुद्रे सुटतात कसे?

मैदा भिजवला, मळला की त्यात चिवट जाळे तयार होते. दोन लाट्या नुसत्या एकावर एक ठेवून लाटल्या तर त्या एकजीव होतात. मध्ये तुपाचा थर असला की चिकटत नाहीत. पुढचे काम पाण्याचे. कणकेतल्या पाण्याची उष्णतेने वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला हजार पटींहून जास्त जागा लागते. ती जागा करण्यासाठी वाफ पदराला पदर उचलते. तेवढ्यात मैदा भाजून कडक झाला की पदर उचललेलेच राहतात.

म्हणजे वाफ झटकन व्हायला हवी. ओव्हन थंड असेल तर वाफ होण्याआधीच तूप वितळून बाहेर पडते. माझे नेमके तेच झाले होते.

तूप थिजलेले हवे याचेही कारण हेच. म्हणून ही बिस्किटे डिसेंबर-जानेवारीत उत्तम होतात. आमच्याकडे त्या दिवसांत बरणीतले तूप खणून काढावे लागते. मे महिन्यात करायचीच असतील तर दर घडीनंतर फ्रिजचा आधार घ्या.

साहित्य (तीस-बत्तीस बिस्किटांसाठी)

कणकेसाठी : २ वाट्या (पाव किलो) मैदा, २ मोठे चमचे तूप, १ मोठा चमचा पिठीसाखर, पाव चहाचा चमचा मीठ, १ चहाचा चमचा लिंबाचा रस, साधारण अर्धी वाटी गार पाणी.

साट्यासाठी : अर्धी वाटी थिजलेले साजूक तूप, ४ मोठे चमचे तांदळाची पिठी.

भुरभुरायला : ६ मोठे चमचे दाणेदार साखर, अर्धा चहाचा चमचा वेलचीपूड.

कृती

मैद्यात मीठ, पिठीसाखर घालून दोन चमचे तूप चोळून घ्यावे. लिंबाचा रस घालून, बेताबेताने पाणी घालत भिजवावे. कणीक पुरीच्या पिठापेक्षा सैल, पोळीच्या पिठापेक्षा घट्ट असावी. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावी. घाई केली तर लाटताना ती परत आखडते.

तोवर तूप आणि तांदळाची पिठी हाताने फेटून साटा करावा. बोटाने पसरता यावा पण ओघळू नये, इतपतच मऊ. त्याचे तीन भाग करावेत.

कणकेची लांबट चौकोनी पोळी लाटावी. साट्याचा एक भाग सगळीकडे सारखा लावावा, कडेला बोटभर जागा सोडावी. पत्राची घडी घालतो तशी तीन पदरी घडी घालून वीस मिनिटे गार जागी ठेवावी. मग घडी आडवी फिरवून पुन्हा लाटावी, साटा लावावा, तीन पदर करावेत, पुन्हा वीस मिनिटे. तिसऱ्या वेळी साट्यावर निम्मी साखर आणि वेलचीपूड भुरभुरून घडी घालावी. पहिल्या घडीत तीन, दुसरीत नऊ, तिसरीत सत्तावीस पदर झाले! लाटणे दाबून चालवू नये, नाहीतर साटा फुटून बाहेर येतो.

शेवटी अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून, धारदार सुरीने वरून खाली सरळ दाब देत दोन बोटे रुंद पट्ट्या कापाव्यात. सुरी ओढत नेली तर कडांचे पदर चिकटतात. उरलेली साखर वर पसरून हलके लाटणे फिरवावे.

ओव्हन आधी पंधरा मिनिटे २०० अंश सेल्सियसवर तापवावा. बिस्किटे ठेवून पंधरा मिनिटे त्याच आचेवर, मग १६० वर आणखी दहा-पंधरा मिनिटे भाजावीत. पहिली आच फुलवण्यासाठी, दुसरी आतून सुकवण्यासाठी. वरची साखर लवकर काळी पडू लागली तर ताट खालच्या कप्प्यात ठेवावे. जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावीत, नाहीतर त्यांच्याच वाफेने मऊ पडतात.

ओव्हन नसेल तर?

म्हणून अडू नका. ओव्हन नव्हते तेव्हाही आपल्या बायका भाजतच होत्या. पाठारे प्रभूंचे भानोले खाली-वर निखारे ठेवूनच होई.

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात इंचभर स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ पसरून त्यावर तिवई ठेवा. जड झाकण लावून मोठ्या आचेवर पंधरा मिनिटे तापवा. मग आच मध्यम करून बिस्किटांची ताटली तिवईवर ठेवा. पंचवीस-तीस मिनिटे लागतात. पहिली पंधरा मिनिटे झाकण उघडायचे नाही! वरून निखारे नसल्यामुळे वरची बाजू पांढुरकी राहते, म्हणून शेवटची पाच-सात मिनिटे बिस्किटे उलटून ठेवा. ताटली काढताना सांडशी आणि जाड फडके दोन्ही वापरा. वाळू फार वेळ तापलेली राहते, मुलांना लांब ठेवा.

चार गोष्टी लक्षात ठेवण्याच्या

साजूक तूप परवडत नाही म्हणून वनस्पती वापरावे का, असे एका मैत्रिणीने विचारले. वनस्पती तुपात पापुद्रे सुरेख सुटतात हे खरे. पण त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातले त्याचे प्रमाण जास्तीत जास्त २ टक्के ठरवून दिले ते उगीच नव्हे. वनस्पती वापरण्यापेक्षा बिस्किटे कमी वेळा करावीत. आणि साजूक तूपही बेतानेच खाल्लेले बरे. एका वेळी दोन पुरेत.

घरचे लोणी वापरायचे असेल तर गार पाण्यात तीन-चारदा धुऊन, ताक पूर्ण काढून घ्या. निम्मी कणीक घालून पाहिली तर पदर कमी सुटतात, पण चव खमंग येते. घट्ट झाकणाच्या डब्यात बिस्किटे आठ-दहा दिवस छान राहतात.

त्या वर्षी दुसरा घाणा सासूबाई आणि मी मिळून केला. साटा त्यांनी लावला, आच मी सांभाळली. पहिले बिस्कीट त्यांनी मोडले तेव्हा पापुद्रे पदरावर सांडले. ते झटकत म्हणाल्या, “चिरोटाच आहे गं हा. फक्त तळायचा कंटाळा केलास.”

दोन तारखेला सिद्धगडावर आमच्या वर्गाचे डबे उघडले तेव्हा तांबडे फुटत होते. परतताना वेचण्याची पिशवी बरोबर होतीच. या खेपेला इतरांची वेष्टने वेचली. आमच्या वर्गाचे त्यात एकही नव्हते.