सज्ञानतेचा दाखला

मनुष्याचे बालपण कोणत्या दिवशी संपते, हा प्रश्न कायद्याला विचारला तर तो जन्मतारखेत अठरा वर्षे मिळवून तत्काळ उत्तर देतो. शरीरशास्त्राला विचारला तर ते चारपाच वर्षांचा कालखंड दाखवून थांबते. परंतु तोच प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी तापीच्या किंवा गिरणेच्या काठच्या एखाद्या गावाला विचारला असता, तर त्या गावाने तारीख सांगितली नसती आणि वयही सांगितले नसते. त्याने काम सांगितले असते. अमक्याच्या मुलाने यंदा बहिणीला माहेरी आणण्यासाठी एकट्याने गाडी जुंपली, तमक्याची मुलगी यंदा भुलाबाईची गाणी पुढे होऊन उचलू लागली, फलाण्याच्या पोराची आखाजीला सालाची बोली झाली. अशा नोंदी ज्या दप्तरात होत, ते दप्तर चावडीत नसून गावाच्या स्मरणात असे, आणि त्यातील नोंद सहसा कोणाला खोडता येत नसे.

खान्देशाचे १९०६ साली इंग्रजी अंमलात पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास त्यांनाच जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. सरकारी नकाशा असा वारंवार बदलत असताना, अहिराणी, लेवा गणबोली, भिली आणि पावरी बोलणाऱ्या या मुलखातील मुलामुलींच्या वाढीच्या खुणा मात्र पंचांगाला आणि शेतीच्या वर्षाला बांधलेल्या राहिल्या. त्या खुणांचे मर्म समजून घ्यायला एका परकीय पंडिताचे विवेचन उपयोगी पडते. आर्नल्ड व्हॅन गेनेप या फ्रेंच अभ्यासकाने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, जगभरच्या संक्रमणविधींना तीन पायऱ्या असतात: आधी व्यक्तीला तिच्या जुन्या स्थानापासून वेगळे करणे, मग काही काळ तिला ना इकडची ना तिकडची अशा सीमेवर ठेवणे, आणि अखेरीस नव्या स्थानी तिला समारंभपूर्वक सामावून घेणे. या तिसऱ्या पायरीला एकटा मनुष्य पुरत नाही. ओलांडणाऱ्याबरोबर त्याला आत घेणारेही तेथे हजर असावे लागतात.

खान्देशातील मुलींचे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती घरात येतात आणि कोजागिरीपर्यंत, म्हणजे महिनाभर, संध्याकाळ झाली की मुलींचा मेळा घरोघर फिरून टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतो. गाणी संपली की झाकून आणलेला खाऊ कोणता, हे ओळखण्याची चढाओढ लागते. खेळ वरकरणी शिवपार्वतीचा. पण गाण्यांतील प्रपंच पाहावा तर तो सासूचा, नणंदेचा, रुसव्याफुगव्याचा आणि माहेरच्या वाटेचा असतो, आणि त्यामुळे दहाबारा वर्षांच्या मुलीला पुढील आयुष्याची तालीम हसतखेळत, कोणी पुढ्यात बसवून उपदेश न करता, मिळून जाते. पुढे वैशाखात आखाजी येते. इतरत्र अक्षय्य तृतीया हा एक शुभ मुहूर्त असेल. खान्देशात मात्र ती दिवाळीच्या तोलाची. घरोघर पितरांच्या नावाने घागर भरली जाते, पुरणपोळी आणि आमरस होतो, कुमारिकांची गौराई बसते आणि कडुलिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. त्या झोक्यावर अविवाहित मुलगी आणि वर्षा-दोन वर्षांपूर्वी सासरी गेलेली तिची मैत्रीण शेजारी शेजारी बसतात, गाणी तीच म्हणतात, परंतु एकीला जे गाणे अद्याप कल्पित असते ते दुसरीला अनुभवाचे झालेले असते. आणि जी गोष्ट आई सांगू शकत नाही ती मैत्रीण दोन ओळींच्या मध्ये सांगून टाकते.

माहेरवाशीण मात्र आपोआप येत नसे. तिला आणायला मुराळी जावा लागे, आणि हा मान बहुधा धाकट्या भावाचा असे. चौदापंधरा वर्षांचा मुलगा बैलगाडी घेऊन परगावी जातो, बहिणीच्या सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर अदबीने बसतो, पाठवणीची रदबदली करतो आणि बहिणीला सुखरूप घेऊन येतो. या एका प्रवासात त्याच्या बैलांची, बोलण्याची आणि संयमाची जी परीक्षा होते, ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा कमी कडक नव्हे. ज्याच्या घरी जमीन नसे त्या मुलाची आखाजी वेगळी असे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला संपते आणि आखाजीलाच सुरू होते. आधी गुरे राखणारा पोर अंगाने भरला की त्याच दिवशी त्याच्या सालाची बोली होई, धान्य किती, कपडे किती, रोकड किती, हे चारचौघांच्या साक्षीने तोंडी ठरे, आणि दुसऱ्या दिवसापासून तो मोठ्या माणसांच्या हिशेबात धरला जाई. यात गौरव होता तसा जुलूमही होता, कारण बापाने घेतलेली उचल फेडण्यासाठी मुलाचे साल लावले जाण्याचे प्रसंग थोडे नव्हते.

ब्राह्मणादी थोड्या घरांतील मुंज सोडली, तर शास्त्रोक्त असा संस्कार या वयाच्या वाट्याला फारसा नव्हता. मुलीला न्हाण आले म्हणजे तिला मखरात बसवून ओटी भरण्याची चाल पुष्कळ घरांत होती. ती नाहीशी झाली ते ठीकच झाले, कारण त्या समारंभाचा खरा अर्थ मुलगी सासरी पाठविण्यास योग्य झाली, एवढाच होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा आणि यावल तालुक्यांतील पावरा समाजात होळीपूर्वीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल आणि बासरी वाजते, तरुण मुलेमुली नवे कपडे आणि चांदीचे दागिने घालून उतरतात. मैदानातील लोक त्याला पळून जाण्याचा बाजार म्हणून मोकळे होतात, पण होळीच्या खरेदीचा व भेटीगाठींचा हा बाजार आहे असे त्या समाजातील जाणते लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

जुन्या व्यवस्थेत आत घेणाऱ्यांचा पक्ष इतका बळकट होता की, ओलांडणाऱ्याची इच्छा विचारण्याचे कोणाला कारणच वाटत नसे. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंचे लग्न वयाच्या तेराव्या वर्षी झाले. अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. परंतु तिच्या किशोरवयाला प्रौढपणाचा जो दाखला मिळाला, तो तिने मागितलेला नव्हता.

याच मुलखात सतरा वर्षांच्या एका मुलाला निराळ्या प्रकारचा दाखला मिळाला. धरणगाव येथे १८९० साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात उभा राहिला, त्याने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी भर सभेत अर्पण केली. व्हॅन गेनेपच्या तिन्ही पायऱ्या येथे एका प्रसंगात एकवटल्या आहेत: घरातून निघालेला मुलगा, अनोळखी सभा, आणि जाणत्यांनी नवे नाव देऊन त्याला आपल्यात घेणे. १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला, तोवर तो त्याच नावाने जगला. त्या कविसंमेलनानंतर पस्तीस वर्षांनी, तेव्हा पश्चिम खान्देशात असलेल्या नंदुरबारात, ९ सप्टेंबर १९४२ रोजी पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघाला आणि चार सवंगड्यांसह पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्याने कोणाची परवानगी घेतली नव्हती. प्रौढपण त्याला दिले गेले नाही, ते त्याने स्वतः घेतले, आणि समाजाने त्याला आपल्यात सामावून घेतले ते हुतात्मा म्हणून.

या दोन टोकांच्या मध्ये शाळा आणि वसतिगृह नावाची एक नवी सीमा तयार होत होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्था पाहत होते. खेड्यांतून आलेल्या मुलांच्या खोल्या झाडण्यापासून त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढण्यापर्यंत सर्व कामे ते स्वतः करीत. घर सुटलेल्या मुलाला मधल्या काळात धरून ठेवणारा कोणी वडीलधारा लागतो, ही जाण त्या सेवेमागे होती. असा वडीलधारा न लाभला तर काय होते, हे पाहायचे असेल त्याने यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची, १९६३ साली प्रसिद्ध झालेली 'कोसला' वाचावी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात सीमेवरच राहतो, आणि परीक्षेत अपयश पदरी घेऊन गावी परततो तेव्हा त्याला सामावून घेण्याचा विधी कोणालाच ठाऊक नसतो.

स्मरणाच्या दप्तरातून सरकारच्या दप्तरात ही नोंद गेली, ती टप्प्याटप्प्याने. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरले. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाला मुलीचे चौदा आणि मुलाचे अठरा वर्षे वय आवश्यक केले. १९४९ साली मुलीचे वय पंधरा आणि १९७८ साली मुलीचे अठरा व मुलाचे एकवीस झाले. २००६ च्या अधिनियमानुसार आज खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर शाळकरी मुलगीसुद्धा तक्रार करू शकते. मतदानाचे वय १९८९ साली एकवीसवरून अठरावर आले. बहिणाबाईंच्या तेराव्या वर्षापासून येथवरचे अंतर चालून येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि जुन्या विधींबद्दल हळहळणाऱ्याने हे अंतर आधी मोजावे.

परीक्षेचेही असेच झाले. एके काळी सातवीची फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होई आणि गावात त्याला बसायला घोंगडी टाकली जाई. मग मॅट्रिक आली, आणि नव्या आकृतिबंधानुसार १९७५ पासून दहावीची शालान्त परीक्षा हाच उंबरठा झाला. जळगाव, धुळे आणि नंदुरबारची मुले नाशिकच्या विभागीय मंडळाच्या अखत्यारीत येतात. मार्च महिन्यात परगावच्या केंद्रावर, अनोळखी बाकावर, स्वतःच्या नावाऐवजी बैठक क्रमांक घेऊन बसणे, यात वियोग आहे, सीमावस्थाही आहे. तिसरी पायरी मात्र गुणपत्रिकेवर संपते. टक्के चांगले असले तर पेढे वाटले जातात, वाईट असले तर दार लावून घेतले जाते, आणि मुलगा किंवा मुलगी आता कोणत्या कामाला पात्र झाली, हे दोन्ही घरांत कोणी सांगत नाही.

इतर दाखलेही असेच मुकाट्याने हाती पडतात. एस.टी.च्या मोफत पासावर तालुक्याच्या गावी एकटी जाऊ लागलेली मुलगी मुराळ्याइतकाच मोठा प्रवास करीत असते, पण त्याची वाच्यता होत नाही. अठरा पूर्ण झाले की जळगावचा मुलगा एमएच १९ आणि धुळ्याचा एमएच १८ या क्रमांकांच्या गर्दीत परवाना घेऊन मिसळतो. सर्वांत गंभीर दाखला सातबाऱ्यावरचा. शेतकरी बाप अकाली गेला आणि वारस अज्ञान असला, तर उताऱ्यावर त्याच्या नावाबरोबर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी अक्षरे आणि बहुधा आईचे नाव येते. वारसाने अठरा वर्षे पूर्ण करून वयाच्या पुराव्यानिशी अर्ज दिला की फेरफार होऊन ती अक्षरे निघतात. आईने इतकी वर्षे जी जमीन राखली, ती मुलाच्या स्वतंत्र नावावर आली, याहून मोठा संस्कार शेतकऱ्याच्या घरी कोणता असणार? परंतु तो होतो कचेरीच्या खिडकीपाशी, आणि पुष्कळदा कर्जाच्या प्रकरणाला स्वच्छ उतारा हवा म्हणून.

यावर उपाय म्हणून जुने विधी उकरून काढण्याची गरज नाही. साक्षीदारांनी पुन्हा हजर व्हावे, एवढीच मागणी आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते. गावच्या मतदारयादीत नव्याने आलेली नावे त्या सभेत मोठ्याने वाचून प्रत्येकाला उभे करावे आणि आता या सभेत तुझेही मत आहे, असे सरपंचाने सांगावे. ज्या दिवशी अ.पा.क.चा शेरा निघेल त्या दिवशी चुलत्यांनी आणि आईने मुलाला बांधावर नेऊन हद्द, विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचे देणे समजावून द्यावे. दहावीच्या निकालानंतर, टक्के कितीही असोत, घरातील एक खरे काम, मग तो कपाशीच्या खर्चाचा हिशेब असो वा केळीच्या पाण्याची पाळी, मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे सोपवावे आणि त्यात मग हात घालू नये.

मुलीच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट करावी लागेल, आणि ती कायद्याने आपोआप होणारी नाही. मुलगा अठराव्या वर्षी सज्ञान होतो आणि एकविसाव्या वर्षी विवाहयोग्य; मधली तीन वर्षे तो केवळ एक स्वतंत्र नागरिक असतो. मुलीच्या बाबतीत या दोन्ही तारखा एकच असल्यामुळे, निव्वळ स्वतःची म्हणून जगण्यासाठी तिला कायदा एक दिवसही राखून ठेवीत नाही, आणि अठरावा वाढदिवस कधी उजाडतो याची वाट जितकी ती पाहते त्याहून अधिक उत्कंठेने तिची स्थळे पाहणारे पाहत असतात. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्या नावाची पदवी घ्यायला बारावीनंतर निदान तीन वर्षे लागतात, म्हणजे जवळपास तेवढीच, जेवढी कायद्याने मुलाला देऊन मुलीला नाकारली आहेत. ती वर्षे द्यायची की नाही, हे आईबापांनी आणि भाऊबंदांनी ठरवायचे आहे. आणि ती देण्याचे वचन आखाजीच्या दिवशी, घर माणसांनी भरलेले असताना, चारचौघांच्या साक्षीने दिले गेले, तर सालाची बोली मोडण्याची ज्या मुलखात कोणाची छाती होत नसे, तेथे हे वचन मोडण्याचीही सहसा होणार नाही.