पुद्दुचेरीचा प्रवास : रूढ समज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील पर्यटकाच्या मनात समुद्रकाठच्या जुन्या शहराचे जे चित्र असते ते बहुधा गोव्यावरून आणि कोकणावरून तयार झालेले असते, आणि तेच चित्र पुद्दुचेरीवर लादले की हंगामापासून मुक्कामाच्या दिवसांपर्यंत सगळे नियोजन फसते. यांपैकी सर्वांत महागात पडणारा गैरसमज पावसाचा आहे. जून ते सप्टेंबर पावसाळा आणि दिवाळीपासून कोरडा हंगाम हे गणित अरबी समुद्राच्या काठी बरोबर असले, तरी कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे बंगालच्या उपसागराला लागून असलेल्या तमिळ किनारपट्टीवर, ते लागू पडत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बरेचसे बाष्प पश्चिम घाटाच्या अलीकडेच रिते करतात. पुद्दुचेरीला मुख्य पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, उपसागरावरून बाष्प घेऊन येणाऱ्या ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून. चक्रीवादळांचा धोकाही याच महिन्यांत अधिक असतो. 30 नोव्हेंबर 2024 रोजी ‘फेंगल’ वादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा शहरात एका दिवसात 40 सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आखलेली सहल नेमकी भर पावसात सापडण्याची शक्यता मोठी असते. जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्यातील दमट उकाडा लहान मुलांना आणि वृद्धांना झेपणारा नसतो.

दुसरा समज पुळणीविषयीचा आहे. शहराच्या पूर्व कडेने जाणारा, गांधीजींच्या पुतळ्याचा आणि जुन्या दीपगृहाचा प्रसिद्ध रस्ता छायाचित्रांत पाहून तेथे वाळूत उतरून समुद्रस्नान करता येईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या रस्त्याच्या बऱ्याच भागाखाली वाळू नसून मोठमोठ्या काळ्या दगडांची रास आहे, आणि ती निसर्गाने नव्हे, माणसाने घातलेली आहे. या किनाऱ्यालगत लाटांबरोबर वाहणारी वाळू वर्षातील बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. 1980च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात लाटारोधक, म्हणजे लाटा अडवणाऱ्या दगडी भिंती, बांधल्या गेल्या, आणि वाळूचा हा प्रवाहच अडला. भिंतींच्या दक्षिणेला वाळू साचत गेली, उत्तरेकडील शहराची पुळण मात्र झिजत नाहीशी झाली, आणि रस्ता वाचवण्यासाठी दगड टाकावे लागले. पुढे राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने आखलेल्या योजनेनुसार 2018 साली पाण्याखाली एक कृत्रिम अडथळा बसवण्यात आला आणि त्यामुळे रस्त्याच्या उत्तर टोकाला काही प्रमाणात पुळण परतली. ती पाहताना समुद्राने कृपा केली असे वाटू शकते, पण बिघाड आणि दुरुस्ती ही दोन्ही अभियांत्रिकीची करणी आहे. मोकळी वाळू हवी असल्यास शहराबाहेर जावे लागते. दक्षिणेला चुन्नांबारहून होडीने पोहोचता येणारा किनारा आहे. मात्र समुद्र उघडा व ओढ जोरदार असल्यामुळे पोहणे जोखमीचे ठरते.

हा किनारा पूर्वाभिमुख आहे ही भूगोलाची साधी गोष्टही मुंबई-कोकणच्या सवयीत विसरली जाते. समुद्रात मावळणारा सूर्य पाहण्यासाठी संध्याकाळ राखून ठेवणाऱ्यांनी त्याऐवजी पहाट राखावी. संध्याकाळपासून सकाळपर्यंत या रस्त्यावर वाहनांना बंदी असते, आणि सूर्योदयाच्या वेळी तेथे फिरणारे बहुतेक लोक गावातलेच असतात.

पुद्दुचेरी म्हणजे भारतातील फ्रान्स, हे जाहिरातींनी रुजवलेले सूत्र इतिहासाच्या कसोटीवर फारसे टिकत नाही. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्स्वा मार्तँ 1674 मध्ये येथे आला तो विजापूरच्या आदिलशाहीचा सुभेदार शेरखान लोदी याच्या आश्रयाने. 1677 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात जिंजीचा किल्ला घेतला आणि शेरखानाचा पराभव केला, तेव्हा मार्तँला वखार टिकवण्यासाठी महाराजांकडे आपला वकील पाठवावा लागला. 1693 मध्ये डचांनी हे ठाणे फ्रेंचांकडून जिंकले. त्याआधी त्यांनी जिंजीत असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांकडून त्यावरील हक्क विकत घेतले होते. 1699 मध्ये गाव फ्रेंचांना परत मिळेपर्यंतच्या काही वर्षांत डचांनी काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचा आराखडा तयार केला. आज फ्रेंच नगररचनेचा नमुना म्हणून जिचे कौतुक होते, त्या आखणीचे श्रेय असे मुळात डचांकडे जाते.

इमारतींचेही तेच. 1761 मध्ये इंग्रजांनी वेढा घालून शहर जिंकले आणि किल्ल्यासह युरोपीय वस्ती पद्धतशीर पाडून टाकली. फ्रेंचांना जागा परत मिळाली ती 1765 मध्ये, त्यामुळे पिवळ्या भिंतींची जी घरे द्युप्ले या गव्हर्नरच्या काळातील समजून दाखवली जातात, त्यांतील बहुतेक त्याच्या कारकिर्दीनंतरची आहेत. याउलट खरोखर जुने आणि वैशिष्ट्यपूर्ण असे बरेच काही, गावाला दुभागणाऱ्या कालव्याच्या पश्चिमेला, तमिळ वस्तीत आहे, जेथे पर्यटक सहसा जेवणापुरतेच जातात. तेथील घराच्या दर्शनी भागी रस्त्याला लागून लाकडी खांबांवर पडवी असते आणि तिच्याखाली ‘तिण्णै’ म्हणजे वाटसरूनेही टेकावे असा ओटा; आत चौक, आणि वरच्या मजल्यावर मात्र कमानदार खिडक्या व चुन्याचे नक्षीदार खांब. खाली तमिळ आणि वर फ्रेंच असे हे मिश्र घर दुसरीकडे क्वचितच आढळते. द्युप्लेचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै, ज्याची तमिळ रोजनिशी अठराव्या शतकाच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहे, त्याचा वाडाही याच बाजूला आहे. ज्याच्याकडे एकच सकाळ असेल त्याने ती कालव्याच्या या बाजूला घालवावी.

फ्रेंच सत्ता 1947 मध्येच संपली, हा समजही चुकीचा आहे. 18 ऑक्टोबर 1954 रोजी कीळूर येथे लोकप्रतिनिधींचे मतदान झाले, त्यात 178 पैकी 170 जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने कौल दिला, आणि 1 नोव्हेंबरला प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतर 16 ऑगस्ट 1962 रोजी झाले. शिवाय हा केंद्रशासित प्रदेश सलग नाही. कारैकल तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, यानम आंध्र प्रदेशाने वेढलेले आणि माहे केरळात आहे, तेव्हा ‘संपूर्ण पुद्दुचेरी’ एका सहलीत पाहण्याचा बेत कागदावरच सोपा दिसतो.

श्रीअरविंद आश्रम आणि ऑरोव्हिल यांची गल्लत तर नेहमीचीच. 1926 मध्ये स्थापन झालेला आश्रम शहरात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 28 फेब्रुवारी 1968 रोजी सुरू झालेली ऑरोव्हिल ही वसाहत सुमारे दहा किलोमीटर उत्तरेला, मुख्यतः तमिळनाडूच्या हद्दीत आहे आणि तिचा कारभार संसदेच्या 1988च्या कायद्यानुसार चालतो. तेथील सोनेरी मातृमंदिर हे नावावरून वाटते तसे देवालय नाही. ते मौन आणि एकाग्रतेसाठी बांधलेले आहे, आत मूर्ती वा पूजा नाही, आणि आगाऊ नोंदणीशिवाय आत प्रवेश मिळत नाही. आयत्या वेळी गेलेल्यांना ते दुरूनच पाहून परतावे लागते.

दोन दिवसांत पुद्दुचेरी ‘संपते’ असे सांगणारे प्रवासी बहुधा जिंजी वगळून हिशेब करतात. राजाराम महाराजांनी जेथून मोगलांशी झुंज दिली तो हा किल्ला शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे, आणि 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा तो एकमेव आहे. किल्ल्यातील राजगिरी या टेकडीची चढण उघड्या खडकावरची असल्यामुळे उन्हे चढण्यापूर्वी पायथा गाठणे आवश्यक ठरते. म्हणून मराठी प्रवाशाने तिसरा दिवस जिंजीसाठी राखावा आणि पुद्दुचेरीहून पहाटेच निघावे.