मजूरविषयक कायद्यांचा लेख व त्याची वहिवाट

जुन्या कागदांचें वाचन करणारास एक गोष्ट अनुभवानें पटलेली असते, ती ही कीं, सनदेंत लिहिलेला हक्क आणि गांवांत प्रत्यक्ष चाललेली वहिवाट या दोन निराळ्या वस्तु होत. सनद अस्सल असेल, शिक्का स्पष्ट असेल, अक्षरही ओळखीचें असेल. तथापि तेवढ्यावरून इनामदारास वसूल मिळतच होता असें अनुमान काढणारा संशोधक फसतो. हा नियम अर्वाचीन कायद्यांसही लागू आहे, व तो ध्यानांत न ठेविल्यामुळें आपल्या काळांतील एका मोठ्या वादांत दोन्ही पक्षांकडून पुष्कळ घोटाळा झाला आहे, असें आम्हांस वाटतें. मजूरविषयक कायदे सैल केले असतां रोजगार व उत्पादकता वाढते कीं नाहीं, हा तो वाद होय. उद्योगधंद्यांत मागाहून पुढें येऊं पाहणाऱ्या सर्वच देशांपुढें हा प्रश्न आहे. भारतांत मात्र त्याचा लेखी पुरावा विशेष विपुल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या मजूर-संहिता येथें अमलांत आल्या असल्यामुळें, त्या पुराव्याचें मोल काय हें पाहणें अगत्याचें झालें आहे. पोथी-दप्तरांच्या अभ्यासकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु त्याचा निर्णय अखेर लेखचिकित्सेवरच येऊन ठेपतो, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

वादाचे दोन पक्ष

पहिला पक्ष म्हणतो कीं, कामगारास काढणें कठीण केलें म्हणजे कारखानदार त्यास ठेवण्यासच कचरतो. तो माणसाऐवजीं यंत्रावर पैसा घालतो, किंवा कारखाना मुद्दाम लहान ठेवतो. आणि मोठ्या कारखान्यांत श्रमविभाग व यंत्रसामग्री यांचा जो लाभ होतो, त्यास देश मुकतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, नोकरीची शाश्वति असली तरच कामगार त्या कामाचें कसब मन लावून शिकतो, आणि मालकही त्यास शिकविण्याचा खर्च सोसतो. शाश्वति गेली कीं दोघांचीही उमेद जाते व उत्पादकता खालावते. दोन्ही तर्क सयुक्तिक आहेत. म्हणूनच निर्णय तर्कानें न होतां प्रमाणांनीं झाला पाहिजे.

धनी व भृतक यांच्यामधील तंटा आपल्या वाङ्मयास नवीन नाहीं. मनुस्मृतींत सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, वेतन अगोदर ठरलें नसेल तर शेतकामाच्या गड्यास धान्याचा, गुराख्यास तुपाचा व विक्रेत्यास मालाचा दहावा हिस्सा द्यावा, असें सांगितलें आहे. तसेंच वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकास बारा पण दंडही सांगितला आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें म्हैसुराहून हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील नियम प्रत्यक्ष राज्यव्यवहाराचे कीं केवळ शास्त्रकाराच्या आदर्शाचे, याविषयीं विद्वानांत मतभेद चालत आला आहे. अर्वाचीन कायद्यांविषयीं हीच शंका फारशी कोणी घेत नाहीं, ही नवलाची गोष्ट होय.

कायद्याची शीव

आमच्या मजूरविषयक कायद्यांचें मर्म त्यांतील आकड्यांत आहे. शेताची शीव दगडानें ठरते, तशी कायद्याची शीव कामगारांच्या संख्येनें ठरते. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये व बारा वर्षांखालील मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, एवढीच त्याची मजल. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांति, पगाराची निश्चित तारीख व अपघाताची भरपाई या मागण्या पुढें केल्या. १८९० मध्यें गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली व १८९१ च्या कायद्यानें ती सक्तीची झाली. येथें वहिवाट आधीं व लेख मागाहून, असा क्रम आहे, तो वाचकांनीं लक्ष्यांत ठेवावा. त्याच कायद्यानें शंभराची शीव पन्नासावर आणली. १९२२ मध्यें ती विसावर आली. आणि १९४८ च्या कायद्यानें यांत्रिक शक्ति असल्यास दहा व नसल्यास वीस अशी ठरली.

नोकरींतून काढण्याविषयींचा कायदा याहून निराळा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमांत १९५३ मध्यें कपातीचीं कलमें घातलीं गेलीं. त्यांअन्वयें कामगारास महिन्याची सूचना व नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन देणें आवश्यक झालें. १९७६ मध्यें त्यांत ‘पांच-ब’ हें प्रकरण आलें. तीनशें किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कपात, सक्तीची बिनकामाची रजा किंवा कारखाना बंद करणें यांसाठीं सरकारची पूर्वपरवानगी लागूं लागली. १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कारखाना बंद करण्याविषयींचें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९८२ च्या दुरुस्तीनें तें नव्या रूपांत परत आलें, आणि शीव तीनशेंवरून शंभरावर उतरली. ही दुरुस्ती १९८४ मध्यें अमलांत आली. वादाचें मूळ हें प्रकरण होय.

एका गणनेची चिकित्सा

मजूर हा विषय घटनेच्या समवर्ती सूचींत असल्यामुळें राज्यांनाही या अधिनियमांत दुरुस्त्या करतां येत व त्यांनीं त्या वेळोवेळीं केल्या. यावरून टिमोथी बेस्ली व रॉबिन बर्जेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं एक कुशल युक्ति काढली. १९५८ ते १९९२ या काळांतील दुरुस्त्या वाचून, कामगारांस अनुकूल दुरुस्तीस अधिक एक, मालकांस अनुकूल दुरुस्तीस उणें एक व इतर दुरुस्तीस शून्य असे अंक त्यांनीं दिले, आणि सालोसाल त्यांची बेरीज करून सोळा राज्यांची प्रतवारी लाविली. महाराष्ट्र, गुजरात, ओरिसा व पश्चिम बंगाल हीं कामगारधार्जिणीं ठरलीं. आंध्र, कर्नाटक, केरळ, मध्यप्रदेश, राजस्थान व तामिळनाडू हीं मालकधार्जिणीं ठरलीं. पहिल्या वर्गांत नोंदणी झालेल्या कारखानदारींतील उत्पादन, गुंतवणूक, रोजगार व उत्पादकता कमी राहिली व नोंदणीबाहेरील धंदा वाढला, असा निष्कर्ष त्यांनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केला. हा निबंध जगभर प्रमाण मानला गेला, व कायदे सैल करण्याच्या बाजूचा तो मुख्य आधार झाला.

यावर आदित्य भट्टाचार्जी यांनीं २००६ मध्यें जी टीका केली, ती पाठचिकित्सेचा उत्तम नमुना म्हणून आमच्या वाचकांनीं अवश्य पाहण्यासारखी आहे. त्यांनीं मूळ दुरुस्त्या पुन्हा वाचल्या. गुजरात कामगारधार्जिणें कशावरून? तर १९७३ च्या एकाच दुरुस्तीवरून. आणि ती काय, तर संयुक्त व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधि न नेमणाऱ्या मालकास दररोज पन्नास रुपये दंड! या एका ओळीवरून राज्याच्या पुढील वीस वर्षांचा रंग ठरला. कपातीवरील सरकारी परवानगीची कडक अट व हा क्षुल्लक दंड या दोहोंस गणनेंत एकच वजन मिळालें. एका साली अनेक दुरुस्त्या झाल्या तरी मोजतांना अंक एकच. न्यायालयांच्या निर्णयांस तर या पद्धतींत स्थानच नाहीं. आणखी एक गोष्ट आम्ही जोडतों. मुंबई व गुजरात येथील कापडगिरण्यांतील तंटे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाप्रमाणें चालत; केवळ १९४७ चा अधिनियम वाचून त्या प्रांतांतील मुख्य धंद्याची स्थिति कळणें शक्य नव्हतें. पोथीच्या एका शाखेवरून संहिता सिद्ध करण्यासारखाच हा प्रकार झाला.

याचा अर्थ मूळ निष्कर्ष सर्वस्वीं खोटा असा नव्हे. प्रमाण दुबळें ठरलें म्हणजे प्रमेय असत्य ठरतें असें न्यायशास्त्र सांगत नाहीं; तें असिद्ध राहतें, इतकेंच. म्हणून दुसरी प्रमाणें पाहिलीं पाहिजेत.

वहिवाटीचा पुरावा

शंभराच्या शिवेचा धाक खरा असेल, तर नव्व्याण्णव कामगारांचे कारखाने पुष्कळ व शंभरांवरचे एकाएकीं विरळ झालेले आढळले पाहिजेत. चांग-ताई श्ये व बेंजामिन ओल्केन यांनीं २०१४ मध्यें भारत, इंडोनेशिया व मेक्सिको येथील कारखान्यांचे आकार मोजून पाहिले. भारतांत शंभराजवळ असा खंड त्यांस आढळला नाहीं. उलट अमृत अमिरापु व मायकेल गेक्टर यांनीं दहाच्या शिवेपाशीं खंड दाखविला, व तो ओलांडतांना मजुरीचा दरमाणशीं खर्च सुमारें शेंकडा ३५ नें वाढल्यासारखा होतो असें अनुमान केलें. त्यांतील मार्मिक गोष्ट ही कीं, या भाराचा संबंध कलमांच्या कडकपणापेक्षां त्या त्या प्रांतांतील लांचलुचपतीशीं अधिक जुळतो. भार कायद्याच्या अक्षराचा कमी व तपासणीस येणाऱ्या हाताचा अधिक, असा याचा अर्थ होतो.

मग शंभराची शीव निरुपद्रवी कां ठरली? याचें एक उत्तर कंत्राटी कामगारांत सांपडतें. कंत्राटदाराच्या पटावरील माणूस कारखान्याच्या कपातीच्या कलमांत येत नाहीं. १९७० च्या अधिनियमानें या पद्धतीस आळा घालण्याचें योजिलें होतें. परंतु कंत्राटी पद्धतीस सरकारनें बंदी केली तरी ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००१ मध्यें पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यांत दिला. कायद्याचें एक अक्षरही न बदलतां त्याचा अर्थ बदलला. मारियान बर्ट्रांड प्रभृतींच्या संशोधनाप्रमाणें, त्यानंतर मोठ्या कारखान्यांनीं कंत्राटी माणसें वाढविलीं व ते अधिक मोठे झाले. संघटित कारखानदारींतील कंत्राटी कामगारांचें प्रमाण या शतकाच्या आरंभीं शेंकडा २० च्या आसपास होतें, तें २०२२-२३ पर्यंत शेंकडा ४० च्या वर गेलें. म्हणजे ज्या सुधारणेची मागणी चालली होती, ती वहिवाटीनें अगोदरच घडली होती. मात्र तिचा भार एकाच पाठीवर पडला: यंत्रापाशीं शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन माणसांपैकीं एकास शाश्वति व दुसऱ्यास कांहींच नाहीं.

मुंबईच्या गिरणगांवाचा दाखला याच जातीचा आहे. तेथें कायम कामगारांबरोबर ‘बदली’ कामगारांची प्रथा कपातीच्या कायद्यांहून पुष्कळ जुनी होती. रोज सकाळीं दारांत उभें राहावयाचें व कोणी गैरहजर असल्यास काम मिळावयाचें. १९४६ च्या अधिनियमानें एकाच संघास प्रतिनिधित्वाचा हक्क दिला असल्यामुळें, १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं सुरू केलेल्या संपास कायद्याच्या दृष्टीनें वाटाघाटीचें तोंडच नव्हतें. कारखाना बंद करण्यावर व कपातीवर निर्बंध कागदावर असतांही हजारों कामगार पुन्हां कामावर घेतले गेले नाहींत. कापड विणण्याचें काम भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे पूर्वींच वळूं लागलें होतें, तें आणखी वळलें. आणि त्या लहान लहान शेडांपर्यंत बहुतेक कलमांची शीव पोंचत नव्हती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कपातीचा कायदा सैल केल्यानें रोजगार आपोआप वाढेल ही अपेक्षा, व तो कडक ठेविल्यानें कामगार आपोआप सुरक्षित राहील ही श्रद्धा, या दोहोंचा पाया एकच आहे. लेखास वहिवाट समजणें हा तो पाया होय. दुसरी, लहान कारखाना लहानच राहण्याचें कारण शंभराच्या शिवेपेक्षां दहाच्या शिवेपाशीं, तपासणीच्या जाचांत व पटावरील नोंदींच्या गुंत्यांत अधिक शोधावें लागतें. तिसरी, उत्पादकतेचा प्रश्न केवळ काढण्याच्या मुभेनें सुटत नाहीं. जो मनुष्य पुढच्या वर्षीं येथें असेल कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, त्यास कोण कसब शिकविणार?

राजस्थाननें २०१४ मध्यें परवानगीची शीव तीनशेंवर नेली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें तीच शीव सर्व देशास लाविली, व ती अधिसूचनेनें आणखी वाढविण्याची मुभा सरकारांस ठेविली; मुदतबंद नेमणुकीसही तींत मान्यता आहे. दुसऱ्या एका संहितेनें कारखान्याची शीव दहाची वीस व विसाची चाळीस, आणि कंत्राटी कामगारांविषयींची विसाची पन्नास अशी केली. या शिवा हालल्यानें कोटीकोटी कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न हालतो. त्याचा परिणाम काय झाला हें पुढील पिढी विचारील, तेव्हां तिच्यापुढें नुसता राजपत्रांतील लेखच उरतां कामा नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. ज्या आस्थेनें आपण महजर व यादी जपतां, त्याच आस्थेनें गिरण्यांचीं हजेरीपत्रकें, बदली कामगारांचे पास, कंत्राटदारांच्या मजुरीच्या वह्या, मजूर न्यायालयांतील निवाड्यांच्या प्रती, संघांचीं हस्तपत्रकें व राज्यांच्या जुन्या राजपत्रांचे सुटे अंक जपावेत. हे कागद अद्याप रद्दीच्या भावानें मिळतात व रद्दीच्याच वाटेनें जातात. पन्नास रुपयांच्या दंडाची ती ओळ कोणी पुन्हां वाचली म्हणूनच एका जगन्मान्य निबंधाची परीक्षा होऊं शकली. पुढील परीक्षेसाठीं लागणारे कागद आज आपल्यापैकीं कोणाच्या तरी गांवीं, माळ्यावर पडलेले असतील. ते मिळवून, त्यांवर सांपडल्याचें ठिकाण व तारीख टिपून, दप्तरखान्यांत दाखल करावेत.