आवाज उशिरा का येतो?



शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी संगणकावर गाणे भरून घ्यायचे म्हटले, की एक अडचण हटकून पुढे येते. मुलगी हेडफोन लावून तालात गायला लागते. पण तिचाच आवाज तिला क्षणभर मागून ऐकू येतो. ती बिचकते, त्या आवाजाची वाट पाहू लागते, आणि मग खरोखरच ताल सुटतो. ऐकणारे म्हणतात, पोरीला ताल नाही. पण दोष पोरीचा की यंत्राचा, हे आधी तपासायला नको का?

संगणक आणि ध्वनियंत्र यांच्यामध्ये एक दुभाषी असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आवाजाचे दर सेकंदाला पुष्कळदा ४८,००० नमुने घेतले जातात. ते एकेक करून पोचवणे संगणकाला जमत नाही. म्हणून थोडे साठवायचे आणि गठ्ठ्याने पाठवायचे. ही साठवण म्हणजे बफर.

मोटेचे दिवस आठवून पाहा. मोटेचे पाणी धाडदिशी थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाने संथ वाहू लागे. थारोळे लहान असले, तर दुसरी मोट येईपर्यंत धार तुटे. मोठे असले, तर धार अखंड राही; पण ते भरून पाणी पाटाला लागायला वेळ जाई. बफरचे अगदी तसेच आहे. लहान ठेवला तर आवाज तुटतो, चरचरतो. मोठा ठेवला तर स्वच्छ येतो, पण उशिरा.

आता हिशेब करू. १०२४ नमुन्यांचा बफर भरायला सेकंदाचे सुमारे २१ हजारांश लागतात. आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा एकदा, म्हणजे ४२ झाले. एवढ्या वेळात आवाज हवेतून १४ मीटर जातो. म्हणजे मुलीला स्वतःचे गाणे पटांगणाच्या पलीकडून आल्यासारखे ऐकू येते! तोच बफर २५६ चा केला, तर हे अंतर साडेतीन मीटरांवर येते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, ब्लूटूथचा हेडफोन काढा आणि तारेचा लावा. बिनतारी हेडफोनचा उशीर बफर कमी करून जात नाही. दुसरी, संगीताच्या प्रोग्रॅममध्ये ऑडिओची मांडणी उघडा आणि ड्रायव्हर कोणता आहे ते बघा. विंडोजवर ए.एस.आय.ओ. असेल तर तो निवडा. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने तो १९९७ साली याच कामासाठी आणला. ध्वनिमुद्रणाची वेगळी पेटी असेल, तर तिच्याच कंपनीचा ड्रायव्हर घाला. यादीत ए.एस.आय.ओ. नसेल, तर वासापी निवडून पाहावे.

तिसरी गोष्ट, बफर २५६ वर आणा. चरचर झाली तर ५१२ करा, आणि बाकीचे उघडे प्रोग्रॅम बंद करा. गाणे भरून झाल्यावर, नुसते सुधारताना, १०२४ ठेवायला हरकत नाही.

चौथी, नमुन्यांचा वेग सगळीकडे एकच ठेवा. ४४,१०० ने भरलेले गाणे चुकून ४८,००० ने वाजले, तर काळी एकचा सूर चढून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जातो. मग पेटी जुळायची कशी?

आवाज मुळीच येत नसेल, तर विंडोजच्या गोपनीयतेच्या मांडणीत मायक्रोफोनची परवानगी दिली आहे की नाही, ते पाहावे. आणि एवढे करूनही उशीर राहिला, तर प्रोग्रॅममधून परत येणारा गायकाचा आवाज बंद करा आणि एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवा. साथ एका कानात, स्वतःचा गळा दुसऱ्या कानात. त्यात यंत्राचा उशीर येतच नाही.

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच बदल करा, आणि आधीचा आकडा वहीत उतरून ठेवा. ती वही संगणकाजवळच असू द्या. पुढच्या वर्षी नवे गुरुजी आले, तरी त्यांना पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही.