बशी उलटी करून बघा

कोल्हापुरात घरातली जुनी काच बेल्जियमचीच असते. आरसा, हंडी, झुंबर, सरबताचे पेले, सगळं बेल्जियमचं. लक्ष्मीपुरीत आमचं काचसामानाचं दुकान वडिलांपासूनचं. गल्ल्यावर बसून मी हेच ऐकत आलोय.

परवा गंगावेशेतल्या एक मावशी पदरात गुंडाळून बशी घेऊन आल्या. नारिंगी, पाण्यावर रॉकेल सांडावं तशी जांभळी-हिरवी झाक, काठाला द्राक्षांचे घड. "बेल्जियमची हाय बघ. सासऱ्यांनी मुंबईस्नं आणल्याली."

झाकेवर जाऊ नये. तापलेल्या काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारला की ती येते. अमेरिकेत फेंटन कंपनीने 1907 च्या सुमारास असा माल काढला, महागड्या कलाकाचेची स्वस्तातली हौस म्हणून. पुढे इंग्लंड, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि आपलं फिरोजाबादही त्यात उतरलं. तिथल्या जैन ग्लास वर्क्सच्या फुलदाण्यांच्या, पेल्यांच्या बुडाशी काचेतच 'जैन' अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली सापडतात.

म्हणून मी आधी बशी उलटी करतो. फुंकून केलेली वस्तू शेवटी लोखंडी सळईवर धरतात. सळई तोडल्याचा खरखरीत वण बुडाला राहतो, नाहीतर तो घासून गुळगुळीत खळगा केलेला असतो. मावशींच्या बशीला वण नव्हता. कडेवरून नख फिरवलं तर तीन ठिकाणी बारीक धार लागली. साच्याचे भाग जुळतात ती ही शिवण. म्हणजे बशी साच्यात दाबून काढलेली, कारखान्याची. टेकते त्या कड्यावर वेडेवाकडे बारीक चरे होते, तेही बरंच. सगळे चरे एकाच दिशेचे दिसले तर कुणीतरी पॉलिशपेपर मारून वस्तू जुनी केली समजावं.

बुडाशी अक्षरं मिळाली तर काम सोपं. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर माल 1918 नंतरचा, कारण देशच तेव्हा जन्मला. 'आरडी' आणि पुढे आकडा असेल तर ती 1884 पासूनची ब्रिटिश नोंदणी. पण तारीख नक्षी नोंदवल्याची, बशी ओतल्याची नव्हे. शिवाय परदेशी कारखानेही तिथे नक्षी नोंदवत. व्हेनिसजवळच्या मुरानोच्या मालावर बहुतेकदा नुसती कागदी चिठ्ठी असते, आणि चिठ्ठ्या घासून काढण्यात आपल्या घरांचा हात कोण धरणार! नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली काच हिरवीगार पेटली तर तीत युरेनियम आहे. गाव मात्र त्यानं कळत नाही.

स्वदेशी काचेचं नाव कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं. तळेगावला पैसाफंडाचा कारखाना 1908 मध्ये निघाला, कराडजवळ ओगलेवाडीचा 1916 मध्ये. 'प्रभाकर' कंदील तिथलाच.

इथल्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांबरोबर मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं. पुढे 1969 मध्ये त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथ आला. उत्खननात काचेच्या बांगडीचा तुकडा कुठल्या थरातला, यावरून काळ लागतो. मावशींच्या बशीला थर नाही, सासरे आहेत. विचारल्यावर कळलं, ते गोदीत कामाला होते आणि दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच गावी परतले. मग माझं मन युरोपकडे झुकलं. तरी साचे आणि नक्षा एका कारखान्यातून दुसऱ्याकडे जात, तेव्हा द्राक्षांवरून देश ठरवायला मी धजलो नाही. 'बहुधा युरोप, 1940 पूर्वी' एवढं कागदावर लिहून दिलं, आणि त्याखाली सासऱ्यांचं नाव, गोदी आणि साल घालून तो कागद बशीबरोबरच ठेवायला सांगितला.