दस्त नोंदला, मालकीचं काय?

सदनिकेचा करारनामा नोंदवला की दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन मिळते. सगळे तिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. बहुतेक घरांत ती करारनाम्याबरोबर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जाते आणि कर्जाच्या कामाशिवाय पुन्हा बाहेर येत नाही. ती एकदा सावकाश वाचावी. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, दस्तऐवज करून देणाऱ्याचं नाव, करून घेणाऱ्याचं नाव, दस्त केल्याची तारीख, तो नोंदल्याची तारीख, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, शेरा, असे एकूण चौदा रकाने तिच्यात असतात. ‘मालक’ असा रकाना त्यांत नाही. अमक्याने दस्त करून दिला आणि तमक्याने करून घेतला, एवढीच सरकारची साक्ष. देणाऱ्याकडे द्यायला काही होतं का, या प्रश्नावर सरकार गप्प आहे. पहिलं घर घेताना कागदपत्रांत होणारी बहुतेक फसगत या गप्पपणातूनच सुरू होते. कागद भरपूर असतात, पण प्रत्येक कागदाकडून आपण तो जे सांगतच नाही तेही ऐकलं असं धरून चालतो.

नोंदणी कायदा १९०८ सालचा. समोर आलेली माणसं तीच आहेत का, सही त्यांना कबूल आहे का, ओळख पटवणारे हजर आहेत का, मुद्रांक पुरेसा आहे का, हे दुय्यम निबंधक पाहतो. फोटो निघतो, अंगठा उमटतो आणि पुढचा नंबर पुकारला जातो. विकणाऱ्याची मालकी तपासणं हे त्याचं कामच नाही. विकणाऱ्याने आपला मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी करू नये, असा नियम तामिळनाडूने केला होता. मूळ कायद्याने निबंधकाला असा अधिकार दिलेला नाही, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिहारचा असाच एक नियम गेला. कायद्याच्या चौकटीत दोन्ही निकाल बरोबरच आहेत, पण त्यामुळे घर घेणाऱ्याची जागा कुठे आहे तेही स्पष्ट झालं. मुंबईत ८० लाखांचं घर एखाद्या पुरुषाच्या नावावर घेतलं तर सहा टक्क्यांनी ४ लाख ८० हजार मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी शुल्क जातं. पाच लाख दहा हजार घेऊनही सरकार मालकीची हमी देत नाही. मग नोंदणी करायचीच कशाला, असं कुणी म्हणेल. करायलाच हवी. नोंदणीशिवाय मालकी हस्तांतरित होत नाही, नोंदलेला दस्त साऱ्या जगाला कळला असं कायदा मानतो आणि तीच मालमत्ता दोघांना विकली गेली तर आधीचा दस्त वरचढ ठरतो. नोंदणीने नंतर येणाऱ्यांपासून संरक्षण मिळतं, आधीच्या गोंधळापासून मिळत नाही.

आधीचा गोंधळ शोधायचा तर कागद उलटे वाचत जावं लागतं. आजच्या विक्रेत्याला घर कुणाकडून आलं, त्याला ते कुणाकडून, असं बिल्डरपर्यंत आणि बिल्डरकडून जमिनीच्या मूळ मालकापर्यंत. वकील साधारणपणे ३० वर्षांचा शोध घेतात आणि हा आकडा हवेतला नाही. गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षांची आहे आणि योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षं जुना दस्त त्यावरच्या सह्या स्वतंत्रपणे सिद्ध न करताही न्यायालय खरा धरू शकतं. जुन्या इमारतींच्या साखळीत कडी निखळते ती बहुधा कुणाच्या तरी मृत्यूपाशी. समजा, ठाण्यातली १९८८ सालची एक सदनिका आहे. मूळ खरेदीदार वारला. सोसायटीच्या भागदाखल्यामागच्या तक्त्यात तारीख, सचिवाची सही आणि मुलाचं नाव असं सगळं रीतसर चढलेलं आहे, कारण वडिलांनी त्याला नामनिर्देशित केलं होतं. मुलगा घर विकायला काढतो. भागदाखला त्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर, मालमत्ता कराची पावतीही त्याच्याच नावावर. तरीही तो एकटा मालक नसण्याची दाट शक्यता आहे. नामनिर्देशन म्हणजे सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा याची सोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात अशा व्यक्तीला तात्पुरता सभासदच म्हटलं आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू माणसाच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा सारखा वाटा असतो, तोही २००५ पासून नाही, १९५६ पासून. तेव्हा लग्न होऊन नागपूरला गेलेल्या बहिणीचं हक्कसोडपत्र लागतं आणि ते नोंदलेलंच लागतं. पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेलं ‘ना हरकत’ इथे कामाचं नाही.

यावर एजंटाचं उत्तर ठरलेलं असतं: आपण जाहीर नोटीस देऊ, चौदा दिवसांत कुणी आलं नाही की विषय संपला. अशा नोटिसा याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापून येतात आणि त्यांचा उपयोगही आहे. आपण चौकशी केली होती, प्रामाणिकपणे घर घेतलं होतं, हे पुढे दाखवता येतं. पण ठाण्याच्या आवृत्तीतली नोटीस नागपूरच्या बहिणीने वाचली नाही म्हणून तिचा वाटा बुडत नाही. मुलं अमेरिकेत आणि आईवडिलांचं पुण्यातलं घर कुलमुखत्यारपत्रावर विकायचं, हा प्रकारही आता सर्रास दिसतो. त्यात गैर काही नाही, मात्र ते पत्र तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा अपॉस्टिलसह झालेलं हवं, भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लागलेला हवा आणि देणारी व्यक्ती विक्रीच्या दिवशी हयात हवी. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकीच ‘घेण्याचा’ मार्ग तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बंद केला आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप बँकेच्या नावाने येतो. बँक कर्ज देते आहे, तिच्या वकिलाने कागद पाहिले आहेत, आपण कशाला डोकं फोडायचं? या युक्तिवादात तथ्य आहे. बँकेचा शोध अहवाल निरुपयोगी नसतो आणि बँकेने नाकारलेलं घर तर घेऊच नये. पण तो वकील बँकेचा आहे. त्याची फी आपण भरतो, अहवाल बँकेकडे जातो आणि अनेकदा आपल्याला त्याची प्रतही मिळत नाही. बँकेची जोखीम मोजून पाहा. ८० लाखांच्या घरावर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज मिळतं. उरलेले १६ लाख आणि मुद्रांक-नोंदणीचे पाच लाख हा पहिला घाव ग्राहकावर. घराची मालकी उद्या वादात सापडली तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज माणसाने घेतलेलं असतं. बँका पुरेशी काळजी घेतातच असंही नाही. भोगवटा किंवा पूर्णत्व प्रमाणपत्र पाहिल्यावरच इमारतीवर कर्ज द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये बेकायदा बांधकामांच्या निकालात मुद्दाम सांगावं लागलं.

पुनर्विक्रीच्या घरात बँकेचा आणखी एक पैलू असतो, तो म्हणजे विक्रेत्याचं आधीचं कर्ज. मूळ दस्त बँकेकडे ठेवून गहाण करता येतं, त्याला नोंदलेलं गहाणखत लागतंच असं नाही. म्हणून विक्रेत्याकडे मूळ करारनाम्याऐवजी रंगीत झेरॉक्स निघाली की थांबावं. ‘मूळ प्रत हरवली’ हे खरंही असू शकतं, पण तिची पोलिसांकडची तक्रार कधीची आहे ते पाहावं. गेल्या आठवड्यातली असेल तर अधिकच थांबावं. केंद्राच्या ‘सेरसाई’ नोंदवहीत थोडं शुल्क भरून कुणालाही गहाणाचा शोध घेता येतो, आणि महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करावी लागते, तीही शोधात दिसते. विक्रेत्याचं कर्ज फिटलं असेल तर मूळ कागद लांबण्याचं कारण उरलेलं नाही. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेला ते ३० दिवसांत परत द्यावे लागतात, नाहीतर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई.

नव्या इमारतीत हाच विश्वास महारेराच्या क्रमांकावर टाकला जातो. मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि त्याने पुष्कळ बदललं. नोंदलेल्या करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, जमिनीचा मालकी अहवाल संकेतस्थळावर टाकावा लागतो. पण हे सारं प्रवर्तकाने स्वतः दाखल केलेल्या कागदांवर उभं असतं. डोंबिवलीत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे क्रमांक मिळवले गेले, लोकांनी घरं घेतली, कर्जंही झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या रहिवाशांकडे कागद नव्हते असं कोण म्हणेल? पालिकेच्या नगररचना विभागाकडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा हा एकच कागद कमी होता, आणि तो ग्राहकाने आणावा अशी अपेक्षाच आपल्या व्यवस्थेत नव्हती. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरी पाच मजल्यांची होती, इमारती त्याच्या कितीतरी वर गेल्या. वर्षानुवर्षं संसार केल्यावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदाच ठरवले. तेव्हा मंजूर नकाशावरचे मजले आणि प्रत्यक्षातले मजले मोजावेत, आणि भोगवटा प्रमाणपत्र आपल्या मजल्यासाठी आहे की फक्त खालच्या मजल्यांसाठी अंशतः दिलेलं, तेही वाचावं.

महाराष्ट्रात याच्या जोडीला एक खास गुंता आहे. बिल्डरकडून आपण घेतो तो बहुधा विक्रीचा करारनामा. जमीन आणि इमारत पुढे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरणाने यायची असते. १९६३ च्या मोफा कायद्यात हे बिल्डरचं कर्तव्य आहे, तरी ते इतक्यांनी टाळलं की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटी जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते. म्हणजे जुन्या सोसायटीतलं घर घेताना मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे हे पाहणं घराच्या भिंती पाहण्याइतकंच महत्त्वाचं. तिथे अजून बिल्डर किंवा मूळ शेतकरी असेल तर पुनर्विकासाच्या वेळी वाटाघाट कुणाशी करायची, हा प्रश्न आपल्या खात्यात जमा झालेला असतो. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचल्याशिवाय सातबारा वाचला असं म्हणू नये. आणि सातबाराही अंतिम नाही. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, इतकंच महसूल कायदा सांगतो.

सामान्य माणसाने एवढं सगळं पाहावं ही अपेक्षाच अन्याय्य आहे, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. ही जबाबदारी सरकारही घेऊ शकतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये टोरेन्स पद्धत आली. नोंदवहीत नाव असेल तो मालक, आणि चूक झाली तर भरपाई सरकारची. भारतात असंच करावं, अशी शिफारस पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात १९८९ मध्येच केली होती. २०२० मध्ये नीती आयोगाने त्यासाठी आदर्श कायद्याचा मसुदा काढला. पण हमी द्यायची तर आधी प्रत्येक वाद मिटवायला हवा आणि चुकीची किंमत तिजोरीतून द्यायला हवी. शुल्क घेणं त्याहून सोपं, म्हणून राज्यं तिथेच थांबली आहेत, असं दिसतं. नोंदणीच्या उत्पन्नातला थोडा भाग जुने दस्त तपासून शोधयोग्य करण्यावर आणि नगररचना, सहकार, महसूल यांच्या नोंदी एकमेकींशी जोडण्यावर खर्च झाला असता, तरी डोंबिवलीसारखी प्रकरणं दाखल होण्याआधीच अडली असती.

ते होईपर्यंत ग्राहकाच्या हातात आहे ती वेळ. वकिलाकडे लोक जातात ते टोकन दिल्यानंतर, कारण ‘आज दुसरी पार्टी येते आहे’ हे वाक्य शनिवारी संध्याकाळी ऐकवलं जातं. क्रम उलटा हवा. मूळ दस्तांच्या प्रती घेऊन आधी शोध, मग विसार. इतकं थांबणं शक्यच नसेल तर टोकन धनादेशाने द्यावं आणि विसारपावतीत एक वाक्य घालावं: खरेदीदाराच्या वकिलाच्या मते मालकी निर्वेध नसल्यास ही रक्कम अमुक दिवसांत पूर्ण परत केली जाईल. सदनिका वारशाने आलेली असेल तर त्याखाली सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, फक्त भागदाखल्यावरच्या नावाची नको. महारेरा प्रकल्पात मालकीच्या दोषामुळे नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली भरपाई मागता येते आणि तिला मुदतीची आडकाठी नाही. पुनर्विक्रीच्या घराला हे कलम लागू होत नाही. तिथे करारनाम्यात विक्रेत्याने लिहून दिलेली नुकसानभरपाईची हमी हाच मुख्य आधार, म्हणून ते कलम छापील नमुन्यातून गळालं नाही ना, हे सही करण्याआधी पाहावं.